बेरोजगारांसाठी गावात मदतीचं टेबल: सुरुवात कशी करावी, काय टाळावं

आपल्या गल्लीतली शिकलेली पोरं घरी बसून आहेत हे बघवत नाही, पण नेमकं करायचं काय, असं विचारणारे बरेच जण भेटतात. त्यात निवृत्त शिक्षक असतात, बँकेतले असतात, शहरात नोकरी करून सणावाराला गावी येणारेही असतात. बहुतेक जण सुरुवात व्याख्यानाने करतात. हॉल भरतो, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं पुन्हा पारावर.

एमआयडीसीतल्या कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आता तालुक्याच्या गावी ग्रंथालयात दर आठवड्याला नोकरी शोधणाऱ्यांना अर्जासाठी मदत करणारं टेबल लावतो. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय. गावातल्या पोरांना सल्ला भरपूर मिळतो, सोबत मिळत नाही. नोकऱ्या निर्माण करणं आपल्या हातात नाही. पण जाहिरात निघाल्यापासून पहिला पगार खात्यात पडेपर्यंत ज्या बारीकसारीक अडचणी येतात, म्हणजे दाखला, ईमेल, बसभाडं, खोलीचं डिपॉझिट, त्या आपल्याला सोडवता येतात. आणि कितीतरी चांगली पोरं त्या अडचणींतच गळतात. हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख.

जागा, वेळ आणि एक वही

शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय ही सगळ्यात चांगली जागा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावी अशी ग्रंथालयं उभी राहिली, तिथं वर्तमानपत्रं येतात आणि मुलींना येजा करायला घरचे अडवत नाहीत. पुढाऱ्याचं संपर्क कार्यालय नको, एका समाजाचं सभागृहही नको. तिथं टेबल लावलं की अर्धं गाव पायरी चढत नाही.

वार आणि वेळ ठरलेली ठेवा आणि कोणी आलं नाही तरी बसा. पहिले काही आठवडे दोघंतिघंच येतील. टेबलावर दोन माणसं हवीत, त्यातली एक बाई असावी. इंटरनेट चालणारा मोबाइल, एक जाडजूड वही आणि जवळपास प्रिंट काढायची सोय एवढं पुरतं. भिंतीवर ठळक अक्षरात लिहा: "इथं पैसे घेतले जात नाहीत. नोकरी लावून दिली जात नाही. अर्जासाठी मदत केली जाते." मधलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर महिनाभरात "काकांच्या हातात जागा आहेत" अशी बोलवा होते आणि कोणीतरी पाकीट घेऊन दारात उभं राहतं.

कोणाचे मूळ दाखले स्वतःकडे ठेवू नका. आधारच्या झेरॉक्स साठवू नका. ओटीपी ज्याचा त्याने टाकायचा, आपण बघायचासुद्धा नाही. तुम्ही कितीही सरळ असलात तरी ही शिस्त पहिल्या दिवसापासून लागते, कारण उद्या टेबलावर तुमच्या जागी दुसरं कोणीतरी बसणार आहे.

पहिल्या भेटीत फक्त ऐका

घरी बसलेल्या पोराला लग्नात, वास्तुशांतीत, पारावर एकच प्रश्न येतो: "मग, सध्या काय चाललंय?" तोच प्रश्न तुम्हीही विचारलात तर तो पुढच्या वेळी येत नाही. त्याऐवजी विचारा, गेल्या वर्षभरात कशाकशासाठी अर्ज केले आणि गाडी कुठं अडली? उत्तरात बहुतेक वेळा खरं कारण सापडतं. कोणी म्हणतं, "परीक्षेचं केंद्र नागपूरला आलं, जायला पैसे नव्हते." कोणी म्हणतं, "कंपनीत बोलावलं, पण दाखल्यावर नाव वेगळं होतं."

वडील सोबत आले असतील तर वडीलच बोलतात आणि पोरगं जमिनीकडे बघत बसतं. वडिलांना चहाला पाठवा. "दादा, तुम्ही जरा पेपर वाचा, तोवर आम्ही फॉर्म भरतो" एवढं म्हटलं तरी पुरतं.

वहीत रकाने थोडेच ठेवा: नाव, गाव, शिक्षण, हातात असलेलं काम किंवा कला, कुठं जायची तयारी आहे, काय अडलंय, पुढच्या वेळी काय घेऊन यायचं. शेवटचा रकाना कधीच रिकामा सोडायचा नाही. माणूस उठताना त्याच्याकडे एक ठरलेलं, छोटं, आठवड्यात होण्यासारखं काम असायलाच हवं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, "माझ्यामुळे घराला भार झालाय" असं वारंवार म्हणणारी पोरं आणि पोरी टेबलावर येतात. असं वाक्य ऐकलं की फॉर्म बाजूला ठेवा. सरळ विचारा, जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात येतो का? विचारल्याने विचार येत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. "टेलिमानस" या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तिथंच बसून लावून द्या, आणि घरातल्या एका शहाण्या माणसाला त्याच्या संमतीने कल्पना द्या.

कागद

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो आणि तो जाऊ द्यावा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी, कधी वडिलांचं नाव गायब, कधी इंग्रजीत एका अक्षराचा फरक. बँकेत तिसरंच. लग्न झालेल्या मुलीचं तर शिक्षण माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं. अर्ज भरताना हे कोणाच्या लक्षात येत नाही. निवड झाली, कागदपत्रं तपासायला गेली, की मग गाडी अडते. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन नंबर काढताना आधारशी नाव आणि जन्मतारीख जुळावी लागते, तिथं तर हमखास.

म्हणून पहिल्याच भेटीत दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन आणि बँक पासबुक ओळीने टेबलावर मांडायला सांगा. प्रत्येकावरचं नाव आणि जन्मतारीख मोठ्याने वाचायला लावा. स्पेलिंग अक्षर अक्षर म्हणायला लावा. फरक दिसला तर दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घेणं सहसा सोपं पडतं. नाव खरोखरच बदललं असेल, लग्नाने किंवा इतर कारणाने, तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यायचा. अर्ज ऑनलाइन होतो. त्या राजपत्राची प्रत आयुष्यभर उपयोगी पडते, चारपाच प्रिंट काढून ठेवायला सांगा.

मग दाखले. वय-अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला. नॉन-क्रीमीलेअरची मुदत मार्चअखेर संपते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जाहिरात आली की धावपळ होते. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा दिला तर दाखला तीन वर्षांसाठी मिळू शकतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. आणखी एक खड्डा: केंद्र सरकारच्या भरतीसाठी, म्हणजे रेल्वे, बँक, स्टाफ सिलेक्शनसाठी, ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला घेऊन गेलेलं पोरगं तिथं खुल्या वर्गात ढकललं जातं.

दाखले "आपले सरकार" संकेतस्थळावरून किंवा सेतूतून काढता येतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक सेवेला ठरलेली मुदत आहे आणि ती उलटली की अपील करता येतं. अर्जाची पोच जपून ठेवायला लावा. "साहेब नाहीत, उद्या या" हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर पोच हातात असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांत मोठा फरक पडतो. तुम्ही स्वतः एकदा सोबत गेलात तर आणखी पडतो.

ईमेल आणि मोबाइल नंबर

हे वाचायला क्षुल्लक वाटेल, पण टेबलावर येणाऱ्यांत हा घोळ सतत दिसतो. बारावीनंतर नेट कॅफेवाल्याने ईमेल काढून दिलेला असतो, त्याला जोडलेला मोबाइल कॅफेवाल्याचा, पासवर्ड त्याच्या वहीत. कॅफे बंद झाला की पोराच्या सगळ्या अर्जांची किल्ली गेली. मुलाखतीचं बोलावणं, परीक्षेचं हॉल तिकीट, सगळं त्या न उघडणाऱ्या पेटीत पडून.

नवा ईमेल त्याच्याच हाताने, त्याच्याच मोबाइलवर काढायला लावा. नाव साधं, आडनावासकट. "किंग" किंवा "रॉयल" नको. पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवायला सांगा. रिचार्ज संपल्यामुळे नंबर बंद पडणं ही दुसरी गळती. भरतीचा अर्ज चालू असेपर्यंत नंबर बदलायचा नाही, आणि घरच्या खर्चात रिचार्ज बसत नसेल तर तुम्ही करून द्या. एवढ्याशा पैशात वर्षभराची मेहनत वाचते.

बायोडेटा

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे एक ठरलेला नमुना असतो. त्यात जात, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद, "मी मेहनती व प्रामाणिक आहे" आणि शेवटी वरील माहिती खरी असल्याची शपथ. कारखान्यात असे गठ्ठे येतात आणि वरून खाली पाच सेकंदांत नजर फिरते. त्या पाच सेकंदांत दिसायला हवं ते या नमुन्यात नसतंच.

आयटीआय फिटर झालेल्या पोराशी अर्धा तास बोला. कोणत्या मशीनवर हात बसलाय? लेथ, मिलिंग, की नुसतं बेंचवर्क? ड्रॉइंग वाचता येतं? मोजमाप कशाने केलं? व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज? सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, असेल तर कंट्रोल कोणता होता? प्रोग्रॅम लिहिता येतो की फक्त जॉब लोड करून ऑफसेट देता येतो? हे सगळं साध्या वाक्यांत, एका पानावर. पदवीवाल्यांच्या बाबतीतही तसंच. बी.कॉम. एवढंच न लिहिता टॅलीत व्हाउचर एंट्री केली का, जीएसटीचं बिल कळतं का, एक्सेलमध्ये काय येतं, हे लिहा. शेतात, दुकानात, मंडपवाल्याकडे, दूध संघात केलेलं काम पोरं लाजून लिहीत नाहीत. लिहायला लावा. पहाटे चारला उठून दूध घालणारा माणूस पहिल्या पाळीला वेळेवर येतो, हे सुपरवायझरला बरोबर कळतं.

आणि जे लिहिलंय ते विचारलं जाणार. मायक्रोमीटर लिहिलं की मुलाखतीत लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारतातच. साध्या मेट्रिक मायक्रोमीटरचा ०.०१ मिलिमीटर, नेहमीच्या व्हर्नियरचा ०.०२. पाठ करून सांगण्यापेक्षा हातात घेऊन मोजून दाखवता आलं पाहिजे. गावातल्या वर्कशॉपवाल्याला विनंती करा, संध्याकाळी अर्धा तास पोरांना एखादा तुकडा मोजू दे. बहुतेक जण आनंदाने देतात.

काम कुठं शोधायचं

जुन्या पिढीला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आठवतं. नाव नोंदवायचं आणि कॉलची वाट बघायची. आता ती नोंदणी "महास्वयम" संकेतस्थळावर होते आणि प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. केंद्र सरकारचं "नॅशनल करिअर सर्व्हिस" २०१५ पासून आहे. दोन्हीकडे नोंदणी करून द्या, पण नोंदणी केली म्हणून बोलावणं येईल असं समजू नका. जिल्ह्याच्या मार्गदर्शन केंद्राचा खरा उपयोग म्हणजे रोजगार मेळाव्यांची तारीख आधी कळते. मेळाव्याला जाताना बायोडेटाच्या दहा प्रती, फोटो, दाखल्यांच्या झेरॉक्स, आणि येणाऱ्या कंपन्यांची यादी आधी वाचून गेलेलं पोरगं, एवढी तयारी करून पाठवा. शक्य असेल तर गाडी करून चारपाच जणांना एकत्र न्या. एकट्याचा धीर सुटतो.

आयटीआय, पदविका किंवा पदवी असलेल्यांसाठी मी सगळ्यांत आधी अप्रेंटिसशिप सुचवतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा जास्त मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. विद्यावेतन कमी असतं, पण वर्षाअखेर हातात अनुभव आणि प्रमाणपत्र पडतं. एसटी महामंडळाचे विभाग, महावितरणची मंडल कार्यालयं, रेल्वे, सगळीकडे जाहिराती निघतात. यांची मुदत थोडी असते आणि जाहिरात स्थानिक पेपरात कोपऱ्यात येते. ग्रंथालयात टेबल लावण्याचा हाही एक फायदा: रोज पेपर चाळून जाहिरात कापून फळ्यावर लावायचं काम एका पोरालाच द्या.

राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, बारावीला ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,०००, पदवीधरांना १०,००० रुपये महिना, आधी सहा महिने आणि नंतर मुदत वाढून अकरा. अनेकांना ती संपल्यावर कायम करतील अशी आशा लागली आणि पुढे त्रास झाला. अशा कोणत्याही योजनेत पाठवताना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की हे प्रशिक्षण आहे, संपायच्या आधी पुढचे अर्ज चालू ठेवायचे.

ज्यांना स्वतःचं काही करायचंय त्यांना कर्जाच्या योजनेचं नाव सांगायच्या आधी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत पाठवा. ही संस्था बहुतेक जिल्ह्यांत बँकेमार्फत चालते, निवासी प्रशिक्षण मोफत असतं. तिथून आल्यावर केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा (पीएमईजीपी) किंवा राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा विचार करावा. अनुदान मिळतंय म्हणून धंदा काढणाऱ्याचं कर्ज थकतं आणि मग बँकेचं दार घरातल्या सगळ्यांना बंद होतं.

पण खासगी नोकऱ्या मिळतात त्या मुख्यतः ओळखीने, म्हणजे "आमच्या लाइनवर चार जागा आहेत" असा फोन येण्याने. तुमच्या गावातून चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, सातपूर इथं गेलेल्यांची यादी करा. गणपतीला, यात्रेला ते गावी येतात तेव्हा टेबलावर बोलवा. भाषण नको, नुसतं कामाबद्दल पोरांशी बोलू द्या.

स्पर्धा परीक्षा: दुसरा रस्ता आधीच आखा

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांहून जास्त अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना सतरा लाखांवर. हे आकडे कोणाचं मन मोडायला सांगत नाही. अभ्यास करणाऱ्या पोरांचा मला मनापासून आदर आहे, पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरी पाहिल्या की अभिमान वाटतो. पण पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत आणि मेसच्या डब्यावर वर्षांमागून वर्षं जातात, घरून येणारे पैसे वाढत जातात, आणि "आता मागे कसं फिरू" या विचाराने माणूस अडकतो.

टेबलावर त्याच्याशी एक करार करा. किती वर्षं आणि किती प्रयत्न, ते त्याने स्वतः कागदावर लिहायचं. सोबतीला एक हातचं काम: अर्धवेळ नोकरी, शिकवणी, टायपिंग, टॅली. वय वाढल्यावर खासगी नोकरीत "एवढी वर्षं काय केलं" हा प्रश्न येतोच, तेव्हा बायोडेटावर काहीतरी असायला हवं. आईवडिलांनाही हा कागद दाखवा. मुदत संपल्यावर बाहेर पडणं म्हणजे हरणं नव्हे, हे घरच्यांनी म्हटलं तर पोराच्या खांद्यावरचं ओझं निम्मं होतं.

फसवणूक

नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो. हे वाक्य फळ्यावर कायम लिहून ठेवा. नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, लॅपटॉपचं डिपॉझिट, प्रशिक्षण शुल्क, मेडिकलचे पैसे आधी भरा, अशी नावं बदलत राहतात. ऑफर लेटरवर मोठ्या कंपनीचं चिन्ह असतं आणि ईमेल मात्र फुकटच्या सेवेवरचा. टेलिग्रामवर "व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा" हा प्रकार आधी शंभर-दोनशे देतो आणि मग हजारो घेतो. त्याहून वाईट म्हणजे "तुमचं बँक खातं वापरायला द्या, कमिशन देतो". त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस पोराच्या दारात येतात.

पैसे गेले असतील तर लाज बाळगायला वेळ नाही. लगेच १९३० वर फोन करायचा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार करायची. जितक्या लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

परदेशी नोकरीचं आमिष असेल तर एजंटची नोंदणी सरकारच्या "ई-मायग्रेट" संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलू, असं म्हणणाऱ्याबरोबर कोणालाही पाठवू नका. कंबोडिया, म्यानमारकडे असे गेलेले भारतीय तरुण सायबर ठगीच्या अड्ड्यांत कोंडले गेले आहेत.

आणि गावात जे उघडपणे चालतं तेही बोललं पाहिजे. "संस्थेत चिकटवतो" म्हणून लाखो रुपये रोख घेणारे दलाल. त्यासाठी जमीन विकली जाते, पावती नसते, ना नोकरी ना पैसे. घरच्यांनी व्यवहार ठरवायच्या आधी तुमच्या कानावर आलं तर मध्ये पडा. वाईटपणा घ्या.

पगार समजावून सांगा

ठेकेदार फोनवर म्हणतो, "साडेअठरा हजार." पोरगं त्याच हिशेबाने खोली घेतं. प्रत्यक्षात एकूण वेतन १६,००० असतं आणि कंपनीचा पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, यांतला हिस्सा धरून आकडा साडेअठराच्या आसपास जातो. आता हातात काय? पूर्ण वेतनावर पीएफ धरला तर १२ टक्के म्हणजे १,९२०. ईएसआय पाऊण टक्का, १२०. व्यवसाय कर पुरुषाला २००, बाईला २५,००० पर्यंत माफ. राहिले १३,७६०, त्यातून कॅन्टीन आणि बस. हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. पहिल्या महिन्यात "फसवलं" म्हणून नोकरी सोडून येणारी कितीतरी पोरं यानेच थांबतात. कपात म्हणजे पैसे बुडाले असं नव्हे. ईएसआयमुळे घरच्यांचा दवाखाना होतो, पीएफ स्वतःच्या नावावर साठतो. मात्र कपात होतेय आणि पैसे खात्यात जमा होत नाहीत, असाही प्रकार घडतो. म्हणून यूएएन सुरू करून दर महिन्याला पासबुक बघायला शिकवा.

नियुक्तीपत्र मागायला पोरं घाबरतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे ते देणं मालकावर बंधनकारक आहे. मूळ प्रमाणपत्रं जमा करा म्हणणाऱ्याला नम्रपणे झेरॉक्स द्यायची.

मुलींच्या बाबतीत आधी तीन गोष्टी विचारा: राहायची जागा, कामाची पाळी किती वाजता सुटते आणि घरापर्यंत गाडी आहे का. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी. ती आहे का हे तुम्ही फोन करून विचारलंत की समोरच्यालाही कळतं, या मुलीच्या मागे माणसं आहेत.

पहिले चाळीस दिवस

मला विचाराल तर मदतीचा सगळ्यात मोठा वाटा इथं खर्च व्हावा. पोरगं महिन्याच्या एक तारखेला रुजू झालं तर पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आसपास येतो. तोवर खोलीचं डिपॉझिट, भाडं, मेस, बस, सेफ्टी शूज. घरात शेतमजुरी असेल तर एवढे पैसे कुठून आणणार? निवड झालेली पोरं फक्त यामुळे जात नाहीत आणि गावात "त्याला काम करायचंच नाही" अशी नोंद होते.

गावातल्या दहा-पंधरा नोकरदारांकडून थोडे थोडे जमवून बिनव्याजी उसनवारीचा निधी करा. रक्कम खोली आणि मेसपुरती, तीन-चार हप्त्यांत परत. हिशेब दर महिन्याला फळ्यावर, नावं न लिहिता. कोणाचा हप्ता चुकला तर चारचौघांत बोलू नका, फोन करा. आधी गेलेल्या पोरांच्या खोलीत पहिला महिना जागा मिळते का तेही बघा, डिपॉझिट वाचतं.

मधल्या वयात काम सुटलेला माणूस

टेबलावर पंचेचाळिशीचा माणूसही येतो, कंपनी बंद पडलेला. तो पोरांच्या रांगेत बसत नाही, त्याला वेगळी वेळ द्या. आधी त्याचं येणं बाकी काय आहे ते काढा: पीएफ, पाच वर्षं सलग नोकरी असेल तर ग्रॅच्युइटी, कामगार कपातीत काढलं असेल तर नुकसानभरपाई. कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही केली का, विचारा. केली नसेल तर वकील किंवा कामगार आयुक्त कार्यालयाला विचारल्याशिवाय करू नका म्हणावं. ईएसआय कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बघा. अटी बसल्या तर सरासरी रोजच्या वेतनाच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. ही योजना मुदतवाढीवर चालते, तेव्हा ईएसआयच्या शाखेत जाऊन सध्याची स्थिती विचारूनच अर्ज करा. अशा माणसाच्या हाताला कसब असतं. गावातल्या आयटीआयला, वर्कशॉपला, पंप दुरुस्तीवाल्याला त्याचं नाव तुम्ही स्वतः सांगा, त्याला मागायला लावू नका.

रुजू झाल्यावर

रुजू झालेल्याला पहिल्या आठवड्यात, पहिल्या पगाराला आणि तीन महिन्यांनी फोन करा. पिंपरी-चिंचवड, चाकण भागात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तिकडच्या पोरांना गुरुवारी दुपारी करा, नाहीतर पाळीमुळे ते उचलत नाहीत. पगाराची स्लिप मागवून कपात तपासा. त्याच्या लाइनवर जागा निघणार असेल तर ती वहीत लिहा.

काही जण पंधरा दिवसांत परत येतील. उभं राहून पाय सुजले, खोलीतल्यांशी पटलं नाही, घरी आई आजारी पडली, कारण काहीही असेल. "तुझ्यासाठी एवढं केलं" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. काय जमलं नाही ते विचारा, तेवढ्यापुरतं पुढचं काम वेगळं शोधा: बैठं, रात्रपाळी नसलेलं, किंवा घरापासून जवळचं. वहीत त्याच्या नावाखाली नवी ओळ घ्या आणि पुढच्या आठवड्याचं काम लिहून द्या.